हवा मानवणे

एखाद्या गोष्टीतून मानाने माघार घ्यावयाची असेल, तर आपल्या भाषेत एक फार सोयीचे वाक्य आहे: ‘तिथली हवा मानवली नाही.’ या वाक्यापुढे कोणाचे काही चालत नाही. नोकरी सोडून आलात म्हणजे लोक कारण विचारतात. भांडण झाले म्हणालात तर दोष कोणाचा हे खणून काढतात. परंतु हवा मानवली नाही असे सांगताच सारे समजुतीने मान डोलावतात आणि चहाचा पेला पुढे करतात. हवा ही कोणाच्याच हातची गोष्ट नसल्यामुळे तिच्यावर घेतलेला आळ नाकारावयास कोणी येत नाही. मी स्वतः या वाक्याच्या आश्रयाने जवळजवळ चाळीस वर्षे सुखाने काढली. गेल्या जूनमध्ये तो आश्रय सुटला, आणि तोही, पाहा, हवेच्याच कृपेने.

आमचे धनज वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात आहे. भोवती कपाशी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन. वऱ्हाडच्या माणसास कसला अभिमान असेल-नसेल, उन्हाचा मात्र असतो. चव्वेचाळीस अंशांपर्यंत पारा चढला तरी आमच्याकडे त्याची कोणी वार्ता करीत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळावा, खिशात एक कांदा टाकावा आणि कामाला लागावे, एवढाच आमचा उन्हाशी व्यवहार. तेव्हा माझ्या मुलीस चेन्नईच्या एका संगणक-कंपनीत नोकरी लागली, आणि तिला पोचवावयास निघताना वर्तमानपत्रात त्या शहराचे तापमान सदतीस अंश असल्याचे मी वाचले, तेव्हा मी चक्क हसलो. ‘सदतीस!’ मी घरात सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, ‘सदतीस अंशांत आमच्याकडे लग्ने लागतात.’

मुलीची राहण्याची सोय मुलींच्या एका वसतिगृहात झाली होती. तेथे पुरुषमंडळींस फाटकापलीकडे प्रवेश नव्हता. मग तो पुरुष जन्मदाता असला तरी नियम तोच. परतीचे तिकीट मिळाले ते सात दिवसांनंतरचे. वसतिगृहाची अनामत आणि दोन महिन्यांचे आगाऊ पैसे भरल्यावर माझ्या पाकिटात जे उरत होते, त्याला सातांनी भागले असता दररोजचे सहाशे रुपये निघाले. साठी उलटलेल्या निवृत्त इतिहास-शिक्षकाने सहाशे रुपये रोजावर, पाठीस झोळी लावून, परक्या शहरात आठवडा काढावयाचा, हा बेत ऐकून घरातली माणसे चिंतेत पडली. मुलगी तेवढी खूश झाली. हल्ली तरुण मंडळी असाच प्रवास करतात, असे सांगून तिने आपली पाठीवरची पिशवी मला दिली, आणि माझी लोखंडी पेटी पुन्हा माळ्यावर गेली. निघतेवेळी माझ्या आईने एक रिकामी शिशी हातात ठेवली. ‘समुद्राचं पानी खारं असते म्हनतात. येताना आनजो बापा, चाखून पाहीन.’ तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही.

नागपुराहून दुपारी गाडी सुटली. बल्लारशाह मागे पडले, संध्याकाळच्या सुमारास गोदावरी लागली, रात्री विजयवाड्यास कृष्णा ओलांडली. तोवर हवा आमच्या ओळखीची होती. पहाटे डोळे उघडले तेव्हा मात्र कोणी तरी ओले फडके अंगाभोवती गुंडाळून ठेवले आहे असा भास झाला. चेन्नई सेंट्रल हे १८७३ सालचे तांबड्या रंगाचे भव्य स्थानक. त्याच्याकडे मान वर करून पाहावे अशी इच्छा पुष्कळ होती, पण घाम डोळ्यांत उतरत होता. स्थानकाबाहेर येईपर्यंत माझ्या पाठीवर पिशवीच्या आकाराचा हुबेहूब एक ओला नकाशा उमटला होता. आणि घड्याळात सकाळचे सातसुद्धा वाजले नव्हते.

मुलीस वसतिगृहाच्या फाटकाशी पोचवून मी ट्रिप्लिकेन भागात बिऱ्हाड शोधले. तमिळ लोक या भागास तिरुवल्लिक्केणी म्हणतात. तेथे एकट्या पुरुषांच्या मुक्कामाच्या पुष्कळ इमारती आहेत आणि त्यांना ‘मॅन्शन’ असे भारदस्त नाव आहे. नावावरून वाड्याची कल्पना येते. प्रत्यक्षात माझ्या वाट्यास आली ती चौघांच्या खोलीतील भिंतीकडची एक खाट, साडेतीनशे रुपये रोजाने. शेजारच्या खाटेवर ओडिशाचा एक तरुण होता. तो महिना-महिना असाच गावोगाव हिंडत असे, आणि त्याचे सारे सामान माझ्या एका धोतरात मावले असते.

पहिल्या दुपारी मी व्यवस्थापकास मोठ्या भोळेपणाने विचारले, ‘आपल्याकडे कुलर नाही का?’ तो मनापासून हसला. त्या हसण्याचा अर्थ मला रात्री कळला. आमच्याकडचा कुलर काय, किंवा जुन्या काळची वाळ्याची ताटी काय, ओलावा हवेत उडून जातो म्हणूनच थंडावा देते. आणि अंगावरचा घामही त्याच न्यायाने आपल्याला निववितो. वऱ्हाडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की घाम आला केव्हा आणि उडाला केव्हा हे कळतसुद्धा नाही. समुद्रकाठची हवा आधीच पाण्याने तुडुंब भरलेली; ती आपला घाम घेणार कोठे? तो बिचारा अंगावरच थांबतो आणि थंडावा देण्याचे आपले काम न करताच ओघळून जातो. चव्वेचाळीस अंशांत ताठ मानेने हिंडणारा मी सदतीस अंशांत पंख्याखाली लोळागोळा होऊन पडलो, याचे कारण एवढेच. उन्हाशी झुंजण्याची ज्या शक्तीबद्दल मी जन्मभर फुशारकी मारली, ती माझी नव्हतीच. ती आमच्या कोरड्या हवेची होती.

माझ्या हालात आणखी भर घातली होती ती माझ्याच कपड्यांनी. धुवावयास सोपे, म्हणून मी कृत्रिम धाग्याचे दोन सदरे आणले होते. ते अंगाला असे चिकटत की काढताना सालपट निघाल्यासारखे वाटे. ओडिशाच्या त्या तरुणाने एके रात्री माझ्याकडे दयेने पाहिले आणि हिंदीत विचारले, ‘काका, आपल्या गावाला काय पिकते?’ मी म्हणालो, ‘कापूस.’ यावर तो काहीच बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याने मी जितका शरमलो तितका कोणत्याही टोमण्याने शरमलो नसतो. पिढ्यानपिढ्या कपाशी वेचणाऱ्या गावातून निघालेला मनुष्य कापसाचा एक धागाही अंगावर न घालता एवढ्या दूर आला होता! दुसऱ्या दिवशी मी दोनशे रुपयांस एक साधी सुती वेष्टी आणि एक पंचा घेतला. धुतलेला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळावा म्हणजे दमट हवेतही सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो, ही विद्याही त्या तरुणानेच शिकविली.

मौज अशी की हे शहर वसले तेच मुळी कापडासाठी. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने ही उघडी, बंदरावाचूनची वाळूची किनारपट्टी पसंत केली, याचे मोठे कारण म्हणजे आसपासच्या विणकरांकडे सुती कापड चांगले आणि स्वस्त मिळत असे. मागाहून तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला आणि किल्ल्याभोवती मद्रास वाढले. त्याचे १९९६ साली चेन्नई झाले. वर्गात मी ही सनावळी कितीदा तरी सांगितली असेल. परंतु जहाजे जेथे धक्क्याशी लागू शकत नव्हती आणि लाटांतून होड्यांनी माल न्यावा लागे, अशा जागी माणसे का राहिली, याचे उत्तर मला पुस्तकापेक्षा त्या वेष्टीने अधिक नीट समजाविले.

थोड्या पैशांत राहावयाचे ठरविले म्हणजे शहर आपल्याशी निराळ्या रीतीने बोलू लागते, असा माझा अनुभव आहे. पैसेवाला पाहुणा शहरास खोलीच्या काचेतून पाहतो. आमच्यासारख्यास ते खांद्याला खांदा लावून पाहावे लागते. सकाळी पितळी वाटी-पेल्यातून मिळणारी कॉफी, दुपारी कधी केळीच्या पानावरचा भात, तर कधी महापालिकेच्या ‘अम्मा उणवगम्’मधील अन्न. ही स्वस्त उपाहारगृहे २०१३ साली निघाली, तेव्हा तेथे इडली एक रुपयास, दहीभात तीन रुपयांस आणि सांबारभात पाच रुपयांस मिळे. मी ज्या रांगेत उभा राहिलो तीत हमाल होते, रिक्षावाले होते, गळ्यात ओळखपत्र लटकविलेले दोन कारकूनही होते. माझ्या वेष्टीमुळे मी त्यांच्यात सहज खपून गेलो. रस्त्याच्या कडेला एक बाई मला ‘मोर? मोर?’ असे विचारू लागली, तेव्हा मी दचकून आजूबाजूस पक्षी शोधू लागलो. तमिळमध्ये मोर म्हणजे ताक. आल्याचा आणि कढीलिंबाचा वास असलेले ते पातळ ताक, ताडगोळे, आणि आपल्याकडे ज्याला उपळसरी म्हणतात त्या मुळीचे सरबत, या तिघांनी माझा जीव राखला.

एग्मोरचे सरकारी वस्तुसंग्रहालय १८५१ सालचे. तेथे ‘अमरावती’ हे अक्षर वाचताच मी अभिमानाने छाती काढली. आमचा जुना विभाग, माझे कॉलेजही तिथलेच. आत जाऊन पाहतो तो ही अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची! तिच्या प्राचीन बौद्ध स्तूपाची चुनखडकात कोरलेली शिल्पे तेथे मांडली आहेत. काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. क्षणभर ओशाळलो, पण मग त्या दगडी मेळाव्यासमोर तासभर उभा राहिलो. नावाच्या चुकीने का होईना, एका थोर गोष्टीची गाठ पडली.

रोज संध्याकाळी मुलगी कामावरून सुटली की उंच पुलावरून धावणाऱ्या आगगाडीने तिरुवान्मियूरहून तिरुवल्लिक्केणीस येई. भाडे पाच-दहा रुपये. मग आम्ही चालत मरिना किनाऱ्यावर जात असू. पहिल्या दिवशी समुद्रात बुडणारा सूर्य पाहावयाचा म्हणून मी लाटांकडे तोंड करून बसलो. उजेड कमी होत चालला, पण सूर्य काही दिसेना. मुलगी हसून म्हणाली, ‘बाबा, मागे पाहा.’ पूर्वेचा समुद्र; सूर्य आमच्या पाठीमागे विश्वविद्यालयाच्या इमारतींआड केव्हाच गेला होता. मी इतिहासाचा शिक्षक होतो, भूगोलाचा नव्हे, असे म्हणून वेळ मारून नेली.

इतिहासाची उट्टी मी लगेच काढली. या किनाऱ्यावरील फिरण्याचा रस्ता १८८० नंतरच्या काळात ज्या गव्हर्नराने करविला आणि ज्याने त्यास मरिना हे नाव दिले, त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. साताऱ्यास रेसिडेंट असलेला आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ तो याचा बाप, आणि पेशवाईच्या अखेरीचा एल्फिन्स्टन तो बापाचा वरिष्ठ. त्याच्याच नावावरून मुलाचे नाव ठेवलेले. मुलगी शांतपणे ऐकत होती. तिचे लक्ष माझ्या बोलण्याकडे नाही, हे मला तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीने कळले. शिक्षकास हे कळते. कळूनही तो बोलत राहतो.

चवथ्या संध्याकाळी वारा पडला होता. चेन्नईकर दुपारपासून समुद्रावरच्या वाऱ्याची वाट पाहतात. परंतु जूनमध्ये पश्चिमेकडचा जमिनीवरचा तापलेला वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा येतो, कधी नावापुरताच येतो. सारी वाळू माणसांनी भरली होती आणि सारी माणसे गप्प होती. मुलगी वाळूत रेघोट्या ओढीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘बाबा, इथली हवा मला मानवेल असं वाटत नाही.’

वाक्य माझेच होते. १९८५ साली मुंबईच्या एका कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली होती. गिरगावातील एका खोलीत आम्ही पाचजण राहत होतो. सतराव्या दिवशी मी गाडीत बसलो आणि धनजला परत आलो. हवा मानवली नाही, असे घरी सांगितले. वडिलांनी एक शब्द विचारला नाही. माझ्या जाण्याच्या तयारीसाठी त्यांनी दोन क्विंटल कापूस भाव येण्याआधीच विकला होता, हे मला फार पुढे कळले. हवेत काहीही वाईट नव्हते. मला घरची आठवण येत होती, कोणाशी बोलावे हे सुचत नव्हते, आणि मी घाबरलो होतो. एवढे सांगण्याचे धैर्य नव्हते म्हणून मी हवेला पुढे केले. पुढे गावच्या शाळेत नोकरी लागली, ती मनापासून केली, तिचे दुःख मला नाही. दुःख आहे ते इतकेच, की मुंबईत अठरावा दिवस कसा असता हे मला कधीच कळले नाही.

‘चल परत’ हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते, हे मी लपवीत नाही. बापाच्या मनात अशा वेळी प्रेम किती आणि स्वार्थ किती, याचा हिशेब मांडणे कठीण. ती परत आली असती तर घर पुन्हा भरले असते. शिवाय, हे लिहितानाही लाज वाटते, माझी चाळीस वर्षांपूर्वीची माघार एकटी राहिली नसती. मी बराच वेळ काही बोललो नाही. मग मुंबईची सारी हकीकत तिला सांगितली, वडिलांच्या कापसासकट. ‘परत यायचं असेल तर माझ्याबरोबर ये,’ मी म्हणालो, ‘घर तुझंच आहे. पण गावात विचारतील तेव्हा हवेचं नाव नको सांगूस. खरं काय ते सांग, म्हणजे नंतर त्रास होत नाही.’

तिने रेघोट्या पुसून टाकल्या. ‘तिथं जेवताना माझ्याशी कुणी बोलत नाही,’ ती हळूच म्हणाली. मी विचारले, ‘आणि तू?’ ती म्हणाली, ‘मीही नाही बोलत.’ त्यानंतर आम्ही दोघांनी एक ताडगोळ्यांचे पुडके घेतले आणि मी तिला स्थानकापर्यंत पोचविले.

उरलेले तीन दिवस मी तिला काहीही विचारले नाही, आणि हेच त्या प्रवासातील सर्वांत कठीण काम होते. मी हिंडत राहिलो. थंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ देवीच्या देवळात गेलो. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी या देवीचे दर्शन घेतले असे तेथे श्रद्धेने सांगतात. देवीपुढे मी काय मागावे हेच मला कळेना. मुलगी राहो असे मागावे, तर तिच्या डोळ्यांतले पाणी आठवे; परत येवो म्हणावे, तर माझे सतरा दिवस आठवत. शेवटी नुसता नमस्कार करून बाहेर आलो. एवढ्या दिवसांत अंगास हवेची थोडी सवय झाली होती. भर दुपारी हिंडू नये, चालताना घाई करू नये, पाणी तहान लागण्याआधी प्यावे, आणि घाम पुसत बसू नये, या चार गोष्टी कळल्या म्हणजे ती हवा वैरीण राहत नाही. शेजारीण होते, जराशी चिकट स्वभावाची.

सातव्या दिवशी मुलगी सेंट्रलवर आली, ती रिकाम्या हातांनी. मी तिच्या हातांकडेच आधी पाहिले. तिच्याबरोबर वसतिगृहातील एक तेलुगू मुलगी होती. दोघी मोडक्या हिंदीत बोलत होत्या. गाडी हलल्यावर मुलगी रडली; मीही रडलो. घामाने चेहरे आधीच ओले असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नसावे, एवढा एक उपकार त्या हवेने आम्हांवर केला.

धनजला पोचलो तेव्हा मृगाचा पाऊस होऊन गेला होता आणि पेरण्या सुरू झाल्या होत्या. आईने शिशीचे बूच काढले, एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. ‘खारंच हाय,’ ती म्हणाली, ‘घामावानी.’ मग तिने नातीची चौकशी केली. मी म्हणालो, एकटं वाटते तिला, पण राहिली आहे. आईने शिशी देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिली.

आमच्याकडे पाऊस सरतो तेव्हा चेन्नईचा सुरू होतो. तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतला. नोव्हेंबरात मुलीचा फोन आला. तीन दिवसांत कपडे वाळले नव्हते, रस्त्यात गुडघाभर पाणी होते, आणि खोलीतल्या मुलींनी मिळून काही तरी रांधले होते ते बिघडले होते. ती बराच वेळ तक्रार करीत होती. त्या तक्रारीत परत येण्याची भाषा नव्हती.

परवा पारावर कोणी तरी नव्या माणसाने मला सहज विचारले, ‘मास्तर, तुम्ही मुंबई कावून सोडली होती?’ जुनी मंडळी माझ्यासाठी उत्तर देण्याच्या बेतात होती. मीच आधी बोललो, ‘घरची आठवण येत होती, करमलं नाही.’ क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एकाने नेहमीप्रमाणेच चहाचा पेला पुढे केला.